चहाडखोर मोजा

९ जानेवारी

धाकट्याचा मोजा आला एकदाचा. दिसायला अगदी साधा आहे, राखाडी, मांडीपर्यंत ओढायचा. फक्त विणीत केसासारख्या बारीक तारा गोल गोल फिरवल्या आहेत आणि वर काडेपेटीएवढी एक डबी. मोजा ताणला की तारा ताणतात, ते डबीला कळतं, डबी संगणकाला सांगते आणि संगणक ठोंब्याचं चित्र काढतो. ठोंब्या म्हणजे गुडघ्याखाली उरलेला माझा उजवा पाय. दवाखान्यात त्याला स्टंप म्हणतात, पण घरच्या माणसाला असं कुणी हाक मारतं का?

धाकट्याने मला पुन्हा पहिलीपासून शिकवलं. प्लास्टरने जे माप घेतात ते त्या घटकेचं असतं. ठोंब्या सकाळी फुगलेला असतो, मी दिवसभर पार्लरमध्ये उभी राहिले की आकसतो, मग सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी, सैल होते आणि मी सुती मोज्यांचे थर चढवत बसते. हा मोजा दिवसभर घालून हिंडायचं. तो सगळ्या वेळांचा आकार सांगणार आणि त्यावरून यंत्र सॉकेटचा साचा कोरणार. "आणि ताई, साखरेने ज्यांच्या नसा मेल्यात, त्यांना कुठे दाबतंय ते कळतच नाही. त्यांच्या वतीने हा बोलेल."

आई लगेच, "बहिणीसाठी जीव काढलाय हो त्याने." जसं काही मी परकीच आहे! पण खरं सांगायचं तर मला भरून आलं होतं. मोजा बघायच्या निमित्ताने मी मान खाली घातली.

१० जानेवारी

खाज सुटते. गरम होतं. पण मिरवायला मजा आली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, "चहाडखोर आहे. मी किती वेळा खाली बसले तेसुद्धा भावाला जाऊन सांगतो." खरंच सांगतो! संध्याकाळी धाकटा म्हणाला, "ताई, तू जेवायला नीट बसत नाहीस." लग्न न करताच सासू आली घरात.

पडद्यावर ठोंब्या पाहिला. एका बाजूने बराच बाळसेदार दिसला. मी म्हटलं, "एवढा गुटगुटीत कधी झाला रे?" तो म्हणाला, "घामाने आकडे जरा सरकतात. बसवतो ते."

२ फेब्रुवारी

यंत्राच्या मापाचं पहिलं सॉकेट घातलं. दुपारपर्यंत ठीक होतं, मग कात्री हातात असतानाच नडगीच्या टोकाला असा चटका बसला की गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला. घरी काढून पाहिलं तर कातडी सोललेली. धाकट्याला फोन केला. त्याने नेमकं कुठे सोललं ते विचारलं. मग म्हणाला, "काढून ठेव. मी घेऊन जातो. कुणाला दाखवू नकोस, अजून कच्चं आहे."

बिचारा. किती दिवस राबतोय. मी फोडावर मलम लावलं आणि आईला सांगितलं, चप्पल चावली. आई म्हणाली, "कुठल्या पायाची?"

८ फेब्रुवारी

धाकट्याने प्लास्टरकाकांकडे नेलं. पाय गेल्यापासून माझी सगळी सॉकेटं काकांनीच केलीत. धाकट्याच्या कामातही साचा कोरून झाला की त्यावर सॉकेट ओतायचं, कडा घासायच्या, पट्टे लावायचे, हे काकाच बघतात. आज मात्र जुन्या पद्धतीने ओल्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलं. म्हटलं, हे कशाला? धाकटा म्हणाला, "तुलनेसाठी. यंत्राचं माप किती बरोबर ते ताडून बघायला नको?"

तुलनेसाठी काकांनी फार वेळ घेतला बाई. अंगठ्याने हाडाची कड चाचपली, पुन्हा चाचपली, मला उभं केलं, बसवलं, पेन्सिलीने खुणा केल्या. एरवी त्यांची टकळी बंद नसते. आज तोंडात मिठाची गुळणी. त्याआधी धाकटा आणि ते बाहेरच्या खोलीत दार लोटून बोलत होते. यंत्र आलं म्हणून काकांना वाईट वाटत असेल. साहजिक आहे.

२४ फेब्रुवारी

दुसरं सॉकेट आलं. सकाळी घातलं ते संध्याकाळी काढलं. मध्ये एकदाही बसावंसं वाटलं नाही. जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं की कठडा धरलाच नव्हता. काढून पाहिलं तर लाल डागसुद्धा नाही. ठोंब्या नुकत्याच उठलेल्या बाळासारखा.

काकांना मी चिडवलं, "बघा, यंत्राने तुमची सुट्टी केली!" ते हसले नाहीत. "बसलं ना नीट? मग झालं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. धाकटा सामान आवरायला लागला. मी त्याच्या गळ्यात पडले तर अंग चोरून उभा राहिला. लहानपणापासून असाच आहे, कौतुक केलं की लाजतो.

५ मार्च

रुग्णालयाच्या सभागृहात मोजा दाखवायचा कार्यक्रम झाला. मंचावर मी चालले, जिना चढले, उतरले. धाकट्याने पडद्यावर चित्रं दाखवली. मग माझ्या हातात माईक दिला. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण माईक हातात आला की मी थांबते थोडीच? म्हटलं, "माणूस भिडेखातर खोटं बोलतो. हा मोजा खोटं बोलत नाही." टाळ्या पडल्या. धाकटा पाण्याचा पेला शोधत होता.

मास्तरीणबाई पहिल्या रांगेत होत्या. शाळेत कवायत शिकवायच्या, आवाज अजून मैदानावरचाच आहे. साखरेने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, आणि उरलेल्यातही जाणीव नाही. रोज संध्याकाळी हातआरसा खाली धरून त्या स्टंप सगळ्या बाजूंनी तपासतात, कारण जखम झाली तरी दुखत नाही. केस रंगवायला माझ्याकडेच येतात. मला कात्रीवाली म्हणतात.

"कात्रीवाली, खरं सांग. घालू का मी?"

"डोळे मिटून घाला, बाई."

१९ मार्च

गर्दी. पाय छान.

२६ मार्च

मास्तरीणबाईंना त्यांचं सॉकेट मिळालं, मोज्याच्या मापाचं. केस रंगवताना आरशात माझ्याकडे बघून विचारलं, "तू रोज तपासतेस का गं?" मी म्हटलं, "छे! मी आता बघतही नाही. दिवसभराचा आकार त्याला ठाऊक आहे, तो कुठे दाबेल?" त्या हसल्या. "मग माझ्या आरशालाही निवृत्ती देते. रोज वाकून वाकून मान मोडलीय मेली."

१२ एप्रिल

मास्तरीणबाई रुग्णालयात आहेत. सॉकेट वरून सैल होतं. चालताना स्टंप खाली सरकायचा आणि हाडाचं टोक तळावर आपटायचं. त्यांना काही कळलंच नाही. सुती मोजा ओला लागला तेव्हा पाहिलं तर जखम पार हाडापर्यंत. ताप चढलाय. विष वर पसरलं तर गुडघा काढावा लागेल. गुडघा आहे तोवर माणूस चालतो. गुडघा गेला की चालणं म्हणजे रोजची कुस्ती, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं.

माझ्या सॉकेटला काही झालं नाही आणि त्यांच्याच का? धाकट्याला विचारलं. तो नखं खात होता. "ताई, माप बरोबर होतं. पण शेवटचं घासकाम तर... काकाच करतात ना."

डोक्यात एकदम लख्ख झालं. यंत्राने रोजी जाणार, म्हणून काकांनी मुद्दाम बिघडवलं.

१४ एप्रिल

काकांकडे जाऊन तोंडाला येईल ते बोलले. दोन पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत. म्हटलं, तुमचा राग यंत्रावर होता, तर बाईंच्या पायावर का काढलात? इतकी वर्षं तुमच्या हातात पाय दिला, लाज नाही वाटली? काका घासपट्टी हातात धरून उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

नुसतं "बरं"! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. धाकट्याने त्यांना कामावरून काढलं. मीच सांगितलं होतं तसं.

२२ एप्रिल

बाईंचा गुडघा काढला.

मी बाहेर बाकावर बसून होते. धाकटा आला नाही. त्याला बघवणार नाही, म्हणाला. हळवा आहे.

२७ एप्रिल

काय लिहू. क्रमानेच लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

परवा धाकट्याला म्हटलं होतं, माझं आणखी एक सॉकेट करून ठेव, पुन्हा मोजा घालते, अगदी असंच हवं. तो म्हणाला, "असंच नाही व्हायचं." का नाही? माप आहे, यंत्र आहे. "ताई, प्रत्येक गोष्टीत का विचारतेस?" आणि फोन ठेवला. माझ्यावर तो कधी ओरडत नाही.

आज सॉकेटच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं. नाक मुठीत धरून काकांकडे गेले. दुसरं जाणार कुठे? ते बाहेर गेले होते, त्यांच्या बायकोने दुकानात बसवलं. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने ठेवलेले, सगळ्यांचे पाय. त्यात माझा दिसला. ठोंब्याच्या डाव्या अंगाला टाक्यांची वाकडी खूण आहे, ती प्लास्टरमध्ये उमटलेली. ती खूण ओळखायला मला आरसा लागत नाही.

तुलनेसाठी घेतलेलं माप ओतून, घासून, तासून कशाला ठेवायचं? आणि त्यावर काळा राळेचा थर होता. सॉकेट ज्या साच्यावर ओततात त्याच्यावरच तो चिकटतो. काळं सॉकेट माझं एकच आहे. पायात आहे ते.

काका आले. मी साच्याकडे बोट दाखवलं. ते स्टुलावर बसले.

"यंत्राचं पहिलं तुला लागलं ना, तेव्हा तो आला," म्हणाले. "मला म्हणाला, 'काका, कार्यक्रम तोंडावर आलाय, एकदाच हाताने करून द्या, पुढच्यांचं यंत्र बरोबर करेल.' रडत होता गं. मी म्हटलं, निदान हिचा पाय तरी दुखणार नाही."

"आणि बाईंचा?"

"त्यांचंही प्लास्टर घेऊ, असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला, तसं केलं तर यंत्राची परीक्षा कशी होणार? मी गप्प बसलो. तिथे चुकलो."

"मी शिव्या घातल्या तेव्हा का नाही बोललात?"

"भाऊ तुझा. मी कसं सांगू?"

बक्कल त्यांनी बसवून दिलं. मी घरी कशी आले आठवत नाही. म्हणजे चालत आले. मस्त चालत आले, त्या सॉकेटवर.

२८ एप्रिल

धाकट्याला पार्लरमध्ये बोलावलं. दार लावून विचारलं. त्याने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता, इतकी मी मूर्ख आहे.

घामाने तारा सैल पडतात, हे त्याला जानेवारीतच ठाऊक होतं. पुढच्या मोज्यात दुरुस्त होणार होतं. रुग्णालयाची मंजुरी मिळाली की पुढचा मोजा. मंजुरीसाठी एक चालणारा पाय दाखवायचा होता.

"मला सांगितलं असतंस तर?"

"तू मंचावर तसं बोलली नसतीस."

म्हणजे मला अंधारात ठेवलं ते मी दुखावू नये म्हणून नाही. माझं खोटं खरं वाटावं म्हणून! खोटं बोलायला त्याला माझं खरं तोंड हवं होतं. आणि काकांचं नाव पुढे करताना त्याची जीभ अडखळली नाही. मी चवताळून गेले तेही त्याने नुसतं बघितलं.

त्याने माझा हात धरायला हात पुढे केला. मी कात्र्या पुसायला लागले. सगळ्या कात्र्या पुसल्या, स्वच्छ होत्या त्यासुद्धा.

३० एप्रिल

आईला माहीत होतं! पहिल्यापासून. मी जेवत होते, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझा पाय तर नीट बसला ना? मग एवढं काय घेऊन बसलीस?"

"आई, बाईंचा गुडघा गेला."

"त्या मधुमेहाच्या. त्यांचा आज ना उद्या गेलाच असता." मग देठ मोडत म्हणाली, "झाकली मूठ असू दे. पोराचं आयुष्य आहे."

पोराचं. पोरीचं काय ते तिला सुचलंच नाही. मी ताटावरून उठले. भूक लागली होती तरी उठले.

३ मे

रुग्णालयाची चौकशी समिती परवा बसणार. मोजा पुढच्या लोकांना द्यायचा की नाही ते ठरणार. यादी तयार आहे, त्यातले निम्मे साखरेचे. मलाही बोलावलंय.

धाकटा आला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला त्याची दया आली याचाच राग आला.

"ताई, ते विचारतील, सॉकेट कसं बसतं? तेवढंच सांग. बसतं ना तुला?"

"बसतं."

"मग यात खोटं काय बोलायचंय?"

इतक्या सफाईने त्याने ते मांडलं की मी क्षणभर खरंच शोधत बसले, खोटं काय आहे त्यात. हे यंत्र त्याने माझ्यासाठी करायला घेतलं होतं, यात खोट नाही. ते कधी त्याच्यासाठी झालं ते त्यालाही कळलं नसावं. की कळलं होतं? आता त्याच्याबद्दल काहीच ठामपणे लिहिता येत नाही. वाईट वाटतं ते याचं.

४ मे

मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. पलंगाशेजारी बसून, पहिल्यापासून. मोजा, प्लास्टर, मंच, काका. "मी बघतही नाही" म्हटलं होतं, तेसुद्धा. चादर डाव्या बाजूला मांडीनंतर लगेच सपाट होती. मी तिकडे न बघता बोलत होते.

वाटलं होतं ओरडतील. मैदानावरचा आवाज आहे, अख्खा वॉर्ड हादरला असता. त्या छताकडे बघत होत्या.

"मी यंत्रावर विश्वास ठेवला नव्हता गं," म्हणाल्या. "यंत्रातलं मला काय कळतं? तू सांगितलंस म्हणून घातलं."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "हे उद्या तिथे सांगणार आहेस, की मला सांगून मोकळी झालीस?"

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

५ मे

समितीत पाचजण होते, मधोमध एक पोक्त डॉक्टरीणबाई. धाकटा भिंतीला लागून बसला होता. मला विचारलं, सॉकेट कसं बसतं?

"उत्तम," मी म्हटलं. "इतकं चांगलं मला कधीच बसलं नव्हतं." धाकट्याने श्वास सोडला. मला ऐकू आला. "कारण ते मोज्याच्या मापाचं नाही. हे प्लास्टर घेऊन हाताने केलंय. मोज्याच्या मापाचं मला एक दिवसही घालवलं नाही आणि मास्तरीणबाईंचा गुडघा त्याच मापाने गेला. साचा काकांच्या फळीवर आहे, ताडून बघा."

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सॉकेट तपासायला ठेवून घेता येईल का? मी तिथेच खुर्चीत बसून पट्टे सोडले आणि पाय टेबलावर ठेवला. बुटासकट. चहाचे पेले कुणी तरी बाजूला केले. यादी थांबवली, असं त्यांनी तिथेच सांगितलं. धाकट्याला विचारलं, हे खरं आहे का? तो "हो" म्हणाला. एवढंच.

कुबड्या मी आणल्याच नव्हत्या. चालत आले होते ना! कुणी तरी चाकाची खुर्ची आणायला धावलं, पण मला त्या खोलीत आणखी बसवेना. उठले आणि टेबलाची कड धरून उभी राहिले. पुढे धरायला काही नव्हतं. धाकटा आला आणि खांदा पुढे केला. मी धरला. दुसरं काय धरणार?

व्हरांडा लांब होता. मी एका पायावर उड्या मारत होते आणि तो माझ्या उडीच्या मापाने थांबत थांबत चालत होता. माझ्या तोंडावर "का रे" आलं होतं, ते मी गिळलं. दाराशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, जपून. पुढे पायरी आहे."

मी थांबले. वाकून स्वतः पाहिलं. पायरी होती. मग उतरले.